अल्बा बर्लिनचा इतिहास नीट लावून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

अल्बा बर्लिन या बास्केटबॉल क्लबचा मराठीतला इतिहास अखेर छापण्याजोगा झाला आहे, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या तुमच्या आहेत. बर्लिनहून तुम्ही जुन्या सामनापत्रिकांचे फोटो पाठवलेत, प्रत्येक शंकेला उत्तर दिलंत आणि वर 'माझं नाव कुठे नको' असं बजावलंत. म्हणून हे पत्र बिननावाचं, पण उघड. नुसतं धन्यवाद म्हणून भागणार नाही. चूक कुठे होती आणि ती का होते, हे लिहिलं तरच तुमच्या कामाचं मोल कळेल. जर्मन क्लबांवर पुढे लिहिणाऱ्यालाही ते हाताशी राहील.

पहिलीच दुरुस्ती पहिल्याच ओळीत होती. 'चार्लोटेनबर्ग' खोडून तुम्ही 'शार्लोटेनबुर्ग' लिहिलंत. जर्मनमध्ये 'ch' चा उच्चार सहसा 'श' होत नाही, पण इथे होतो, कारण नाव राणीच्या फ्रेंच वळणाच्या नावावरून आलं. हा नुसता उच्चाराचा हट्ट नाही. नाव चुकीचं लिहिलं की वाचकाला बर्लिनच्या नकाशावर तो भाग सापडत नाही, आणि क्लबची मुळं तर तिथेच आहेत. 'स्थापना 1991' असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण 1991 मध्ये शून्यातून काही उभं राहिलं नाही. बीजी शार्लोटेनबुर्ग हा खेळणारा संघ आधीपासून होता, त्याची पाळं डीटीव्ही शार्लोटेनबुर्ग या आणखी जुन्या संस्थेत होती. त्या वर्षी त्याला नवं नाव मिळालं. 'स्थापना' आणि 'नामांतर' या दोन रकान्यांत तारीख वेगवेगळी टाकायची, ही तुमची सूचना आता आम्ही सगळ्याच क्लबांना लावतो.

नाव आलं ते 1968 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेल्या अल्बा या कचरा आणि पुनर्वापराच्या कंपनीकडून. कचरा उचलणाऱ्या कंपनीचं नाव मिरवणारा संघ म्हटल्यावर आपल्याकडे लोक हसतील, पण इतिहास लिहिणाऱ्याला याच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. नाव टिकलं. बाम्बेर्गच्या संघाकडे पाहा: टीटीएल, टीएसके, जीएचपी, ब्रोझे, प्रायोजक बदलला की पाटी बदलली. 2005 चा विजेता जीएचपी बाम्बेर्ग आणि 2007 चा विजेता ब्रोझे बास्केट्स हे एकच, हे ठाऊक नसलेला माणूस दोन क्लब मोजतो आणि बाम्बेर्गची 9 विजेतेपदं विस्कटून जातात. अल्बाच्या बाबतीत तो घोळ नाही. नावावरून शब्दखेळ करून पक्षी आला तो अल्बाट्रॉस, तोच चिन्हावर बसला, पंखांसकट.

आता कोराच चषक, म्हणजे युरोपातल्या क्लबांची एक स्पर्धा. इथे तुम्ही सर्वांत जास्त वाचवलंत.

1995 च्या अंतिम फेरीपुढे '87–87' असा आकडा दिसला की कोणालाही वाटतं छपाईची चूक आहे, कारण बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. आमच्या मसुद्यात त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. तुम्ही लिहिलंत की लढत दोन सामन्यांची होती. अशा लढतीत विजेता ठरतो तो दोन्ही सामन्यांच्या गुणांच्या बेरजेवर, म्हणून पहिला सामना बरोबरीत सुटला तरी जादा वेळ खेळवत नाहीत. स्टेफानेल मिलानोविरुद्ध पहिला सामना 87–87, दुसरा 85–79, बेरीज 172–166. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये युरोपीय चषक जिंकणारा हा पहिला जर्मन क्लब. परतीचा सामना जिथे झाला ती डॉइचलांडहाले 2011 मध्ये पाडली गेली, त्यामुळे आज तिथे जाऊन काही बघण्यासारखं उरलेलं नाही.

त्या विजयाचं वजन किती हे सांगताना तुम्ही दोन्ही बाजूंनी लगाम खेचलात. कोराच ही तेव्हा युरोपातली तिसऱ्या पायरीची क्लब स्पर्धा होती, म्हणून 'युरोपचे विजेते' हे शीर्षक तुम्ही काढायला लावलंत, आणि योग्यच केलंत. दुसरीकडे, या संघाने त्या दिवसापर्यंत जर्मन विजेतेपद एकदाही जिंकलं नव्हतं, हेही तुम्हीच दाखवलंत. घरचं पहिलं विजेतेपद आलं 1997 मध्ये. आधी युरोप, मग घर. हा उलटा क्रम वाचकाला सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण पुरस्कारांच्या यादीत राष्ट्रीय विजेतेपदं नेहमी वर असतात.

प्रशिक्षक स्वेतिस्लाव्ह पेशिच. 'पेसिक' नाही. शेवटी खूण असलेला 'ć' म्हणजे मऊ 'च', आणि 'š' म्हणजे 'श'. याच नियमाने मुतापचिच (पेशिच यांच्यानंतरचे प्रशिक्षक) आणि खुद्द कोराच ही नावंही. समोरच्या मिलानचे प्रशिक्षक होते बोग्दान तान्येविच, आणि 1979 मध्ये साराएव्होच्या बोस्ना संघाने युरोपचा सर्वोच्च क्लब चषक जिंकला तेव्हा तान्येविच प्रशिक्षक होते आणि पेशिच त्यांच्या हाताखालचे खेळाडू. बर्लिन-मिलान लढतीच्या आतून साराएव्होचा धागा जातो, तो असा. पेशिच 1993 मध्ये अल्बाकडे आले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये त्यांच्या जर्मन संघाने रशियाला 71–70 ने हरवून युरोपीय विजेतेपद मिळवलं होतं. त्या संघातला हेन्रिक ऱ्योडल त्याच वर्षी अल्बात आला. ('ö' चं काय करायचं यावर आपला दोन दिवस वाद झाला. ओठ 'ओ' चे ठेवून 'ए' म्हणायचं, हे तुमचं वर्णन अचूक आहे. ते मराठी अक्षरात मावत नाही एवढंच.)

1997 ते 2003 सलग 7 विजेतेपदं. पहिली 4 पेशिच यांची, पुढची 3 एमिर मुतापचिच यांची. मसुद्यात सातही पेशिच यांच्या नावावर गेली होती. पेशिच 2000 मध्ये गेले, ही एक तारीख लक्षात ठेवली तर हा गोंधळ होत नाही. त्याआधीची 7, म्हणजे 1990 ते 1996, सलग बायर लेव्हरकुझेनची. 14 वर्षांत फक्त दोन क्लब. जर्मन बास्केटबॉलबद्दल एकच वाक्य लिहायचं असेल तर आमच्या मते हे लिहावं.

हंगामाची खूणही तुमच्यामुळेच ठरली. हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, म्हणून '1997 चा विजेता' म्हणजे 1996–97 चा हंगाम. कोणी सुरुवातीचं वर्ष धरतं, कोणी शेवटचं, आणि यादीत एक वर्ष आगाऊ किंवा मागे जातं. आम्ही सगळीकडे शेवटचं वर्ष धरलं. जर्मन वर्तमानपत्रं गुण '88:65' असे लिहितात. मराठीत ते घड्याळाच्या वेळेसारखं दिसतं, म्हणून मध्ये आडवी रेघ. जुन्या गुणपत्रिकांत दोन अर्धेच का आहेत, हाही प्रश्न होता: 2000 पर्यंत 20 मिनिटांचे दोन अर्धे खेळत, नंतर 10 मिनिटांचे चार भाग झाले, आणि चेंडू फेकण्याची मुदत 30 सेकंदांवरून 24 वर आली. 2010 मध्ये तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवरून 6.75 वर सरकली. तेव्हा 1998 चा आणि 2018 चा नेमबाज एकाच तक्त्यात तोलायचा नाही.

सभागृहाचा नियम सोपा आहे, तरी सगळे चुकतात: सामन्याच्या दिवशी जे नाव होतं तेच लिहायचं. डिसेंबर 1996 मध्ये उघडलेलं माक्स श्मेलिंग हाले, सुमारे 8,500 प्रेक्षक. 2008 पासून सुमारे 14,500 प्रेक्षकांचं ओटू वर्ल्ड, तेच 2015 मध्ये मर्सिडीज-बेंझ अरेना आणि 2024 मध्ये उबर अरेना. इमारत एक, पाट्या तीन.

2003 नंतरची वर्षं आम्ही भरभर उरकली आहेत. 2008 चं एक विजेतेपद, मधले चषक, 2010 मध्ये युरोकप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाकडून 67–44 असा पराभव. बास.

आइतो गार्सिया रेनेसेस यांच्याकडे मात्र थांबलो. सत्तरी ओलांडलेले हे स्पॅनिश प्रशिक्षक 2017 मध्ये आले. 2018 आणि 2019 मध्ये संघ पाच अंतिम फेऱ्या हरला: लीगच्या दोन, जर्मन चषकाच्या दोन, युरोकपची एक. बहुतेक क्लबांनी इथे प्रशिक्षक बदलला असता. अल्बाने बदलला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये ओल्डेनबुर्गला 89–67 ने हरवून चषक आला, आणि जूनमध्ये लीगचं विजेतेपद. ते कसं आलं हेही समजावून सांगावं लागतं: महासाथीमुळे 10 संघ म्युनिकमध्ये प्रेक्षकांविना खेळले, पाच-पाचचे दोन गट, पुढे प्रत्येक फेरी दोन सामन्यांची, पुन्हा बेरजेवर. लुडविग्सबुर्गविरुद्ध 88–65 आणि 75–74, एकूण 163–139. '5 पैकी 3' अशी नेहमीची अंतिम मालिका गृहीत धरणारा इथे तिसरा सामना शोधत बसतो. 2021 आणि 2022 ची विजेतेपदं धरून एकूण 11.

हा 11 पुरुष संघाचा आकडा आहे, असं स्पष्ट लिहायला तुम्ही लावलंत, कारण महिला संघ 2022 मध्ये पहिल्या श्रेणीत चढला आणि 2024 मध्ये विजेता झाला. त्याचप्रमाणे व्यावसायिक संघ चालवते ती कंपनी, आणि मुलांचं काम पाहते ती नोंदणीकृत संस्था, आपल्याकडच्या क्रीडा मंडळासारखी. नावापुढे 'ए. फाउ.' असेल तर ती संस्था. सदस्यसंख्या तिची असते, संघाची नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा क्लबने बालवाडी, प्राथमिक आणि माध्यमिक अशा तीन गटांसाठी रोजचा व्यायामाचा तास यूट्यूबवर सुरू केला. चषकांच्या यादीत याला जागा नाही. आम्ही तरी त्याला अर्धं पान दिलं.

मोरित्झ आणि फ्रान्झ वाग्नर ('वॅग्नर' नाही) याच क्लबच्या मुलांच्या संघांतून आले. दोघेही 2023 मध्ये मनिलात विश्वविजेत्या जर्मन संघात होते. सर्बियाविरुद्धच्या त्या 83–77 च्या अंतिम सामन्यात जर्मनीचे प्रशिक्षक होते गॉर्डन हर्बर्ट, 2011–12 मध्ये अल्बाचे प्रशिक्षक. आणि सर्बियाच्या बाकावर उभे होते पेशिच. हे जुळवून दिलंत तुम्हीच, एका ओळीच्या निरोपात, वर काही न लिहिता.

मनापासून आभार, ताई. लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

आपली,
मराठीत नोंदी लावणारी मंडळी

ता. क. सामनापत्रिकांचे फोटो हंगामवार लावून ठेवले आहेत. 1998–99 चा गठ्ठा अपुरा आहे. मागचं पान मिळालं तर तेवढं पाठवा.