'पोराला बसवायचंय' म्हणून सोडलेला गाळा

संपादक महोदय,

गाळे खाली करण्याच्या वादांवर पत्रे येतात ती बहुतेक कोर्टात भांडणाऱ्यांची. आम्ही भांडलो नाही, म्हणून हे पत्र.

नाशिकच्या दहीपुलाजवळचा गाळा माझ्या सासऱ्यांनी १९७८ मध्ये भाड्याने घेतला. शिलाई मशीनची दुरुस्ती आणि सुटे भाग. त्यांच्यामागे आमचे हे बसत. भाडे शेवटी महिना ३८० रुपये. एवढ्याशा भाड्यात मालकाच्या पोटात दुखणारच, हे मला मान्य आहे. पण ऑगस्ट २०१६ मध्ये गोदेचे पाणी गाळ्यात शिरले, तेव्हा चिखल आम्हीच उपसला, रंगही आम्हीच दिला. मालक येऊन बघून गेले.

मागच्या वर्षी मालकांचा मुलगा घरी आला. "काका, पोराला बसवायचंय, दुसरी जागा नाही." त्या पोराच्या बारशाला आम्ही जेवलेलो. वकील म्हणाले, होऊ द्या दावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली मालकाची गरज खरी आहे का आणि हाल कोणाचे जास्त होतील, दोन्ही कोर्ट बघते. ह्यांनी ऐकले नाही. इतक्या वर्षांचे संबंध, कोर्टात काय उभे राहायचे! कागदावर सह्या झाल्या, थोडी रक्कम मिळाली, किल्ली दिली.

पोरगा बसला. मोबाइलची कव्हरे, चार्जर. अडीच महिने. चौथ्या महिन्यात तिथे भलत्याच माणसाचा बोर्ड. भाडे म्हणे २२ हजार.

सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या कोर्टात जाऊन पुन्हा वकिलांना गाठले. त्यांनी कलम १७ वाचून दाखवले. स्वतःच्या गरजेसाठी म्हणून मालकाने हुकूमनामा, म्हणजे ताबा देण्याचा कोर्टाचा निकाल, मिळवला आणि ताबा घेतल्यावर महिन्याभरात जागा वापरली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून ती परत मागू शकतो. ह्यांचा चेहरा उजळला. मग वकील म्हणाले, "पण तुमच्याकडे हुकूमनामा कुठाय?"

म्हणजे कोर्टात खेटे घातले असते तर कायदा पाठीशी होता. चहा पाजून किल्ली दिली, तर नाही.

माझा भाऊ पंचवटीत गाळामालक आहे. त्याच्या लेकीला खरोखरच दवाखाना काढायचा होता. दावा सहा वर्षे रेंगाळला, शेवटी तिने दुसरीकडे भाड्याने जागा घेतली. 'गरज खोटी आहे' हे पालुपद समोरच्या वकिलाने प्रत्येक तारखेला लावले. आमच्या मालकासारखे लोक आहेत म्हणून ते खपते, असे मी म्हटले तर भाऊ माझ्यावरच उखडला!

सरकारने कलम १७ चे संरक्षण आपसातल्या लेखी तडजोडीलाही द्यावे. तोवर जे कोणी असा कागद करत असतील त्यांनी जागा कोणासाठी, किती दिवस दुसऱ्याला द्यायची नाही आणि दिली तर भरपाई किती, हे वकिलाकडून त्यात लिहून घ्यावे. आमचे हे आता सिडकोत घराच्या व्हरांड्यात मशीन उघडून बसतात. ओझर-दिंडोरीची जुनी गिऱ्हाइके अजून दहीपुलावर जाऊन परत फिरतात.

आमच्या कागदात अट एकही नव्हती. 'खुशीने ताबा दिला' एवढेच. त्यातला 'खुशीने' हा शब्द ह्यांनीच घालायला लावला होता.

– एक गृहिणी, सिडको, नाशिक