कोणते ओट्स, किती पाणी, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन, साखर, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीही वाढलं की ओट्स खायला सांगतात, आणि आरोग्य पुरवण्या त्यांच्या पाककृती छापतात. बहुतेक कृतींची सुरुवात ‘एक वाटी ओट्स घ्या’ अशी असते. कोणते ओट्स, हे लिहिलेलं नसतं. पोह्यांच्या कृतीत जाडे की पातळ हे राहून गेलं तर वाचक लगेच फोन करून विचारतील. ओट्सचा गिचका झाला तर मात्र ‘पथ्याचं खाणं असंच असायचं’ म्हणून गप्प गिळतात. ओट्स बेचव लागण्यात दाण्याचा दोष थोडा आहे, अर्धवट कृतींचा जास्त.

दुकानात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. स्टील कट म्हणजे अख्ख्या दाण्याचे दोन-तीन तुकडे, दिसायला जाड दलियासारखे. यांना चौपट पाणी आणि मंद आचेवर 25 ते 30 मिनिटं लागतात. रात्री भिजवले तर वेळ बराच कमी होतो. रोल्ड म्हणजे वाफवून रुळाखाली चपटे केलेले जाड ओट्स. दुप्पट पाण्यात पाच ते सात मिनिटांत शिजतात. तिसरे इन्स्टंट किंवा क्विक, पातळ आणि चुरा झालेले, दोन-तीन मिनिटांत लगदा होणारे. हे तिसरे स्वस्त आणि झटपट म्हणून घरोघरी येतात, आणि उपम्यापासून खिचडीपर्यंत सगळीकडे वापरले जातात. फसगत होते ती इथेच. इन्स्टंट ओट्स खिरीला, धिरड्याला, फार तर सूप दाट करायला घ्यावेत. घरात एकच डबा ठेवायचा असेल तर तो रोल्ड ओट्सचा ठेवावा.

दुसरी राहून जाणारी गोष्ट मिठाची. गोड ओट्सलाही मीठ लागतं. एका माणसाला अर्धा कप म्हणजे साधारण 40 ग्रॅम रोल्ड ओट्स पुरतात; त्यात पाव चमच्याच्या निम्मं मीठ, तेही पाण्यात आधीच. वरून भुरभुरवलेलं मीठ जिभेला वेगळं लागतं, शिजताना घातलेलं दाण्यात मुरतं आणि गूळही कमी लागतो. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात 1994 पासून पॉरिजची, म्हणजे शिजवलेल्या ओट्सच्या दाट पेजेची, जागतिक स्पर्धा भरते. तिथल्या पारंपरिक गटात ओट्स, पाणी आणि मीठ याखेरीज काही चालत नाही. तीन जिनसांत स्पर्धा जिंकता येते, मग आपल्याकडे आठ-आठ जिनसा घालूनही ते पचपचीत का लागावेत?

तिसरी गोष्ट भाजण्याची. रवा न भाजता शिरा कोणी करत नाही, ओट्स मात्र पाकिटातून थेट उकळत्या पाण्यात जातात. कढईत चमचाभर तूप घालून रोल्ड ओट्स मंद ते मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परतावेत. रंग फार बदलत नाही, कडा किंचित सोनेरी होतात आणि खमंग वास सुटतो. तिथेच थांबावं. आच मोठी ठेवली तर कडा करपून कडवट लागतात आणि मधला भाग कच्चाच राहतो. भाजल्याने चव तर येतेच, शिवाय दाणा जरा मोकळा राहतो.

आता चिकटपणाबद्दल. तो बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूमुळे येतो, आणि कोलेस्टेरॉलसाठी ओट्स सांगतात ते याच्याच भरवशावर. दिवसाला सुमारे 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन उपयोगी मानलं जातं. ते साधारण 75 ग्रॅम ओट्समधून मिळतं. म्हणून चिकटपणा जावा म्हणून ओट्स धुऊन घेण्यात हशील नाही. रोल्ड ओट्स धुतले तर उलट आणखी बुळबुळीत होतात. चिकटपणा ताब्यात ठेवायचा तो पाण्याने आणि डावाने. दाणेदार हवे असतील तर पाणी उकळल्यावर ओट्स घालावेत आणि दोन-तीनदाच ढवळावं. मऊ, सायीसारखे हवे असतील तर गार पाण्यातच घालून गॅस लावावा आणि ढवळत राहावं. दोन्ही प्रकारांत किंचित पातळ असतानाच उतरवून दोन मिनिटं झाकावं, कारण गार होताना ते आळत जातात. ताटलीत घट्ट झालेच तर गरम दूध घालावं. गार दुधाने गोळे तसेच राहतात.

दुधात शिजवायचे तर सुरुवातीपासून नुसतं दूध नको, ते तळाला लागतं. अर्ध्या कप ओट्सना पाऊण कप पाणी घालून आधी शिजवावेत, मग अर्धा कप दूध घालून एक उकळी काढावी. गूळ गॅस बंद केल्यावर, तोही दोन-तीन मिनिटांनी. उकळत्या दुधात गुळाने दूध फाटतं. मधुमेह असलेल्यांनी गूळ म्हणजे साखर नव्हे असं मानू नये. त्यांच्यासाठी चिमूटभर जायफळ-वेलदोडा आणि तुपावर परतलेल्या सफरचंदाच्या चार फोडी यांवर काम भागतं. ताजा अननस मात्र दुधाच्या ओट्समध्ये घालून ठेवू नये. त्यातलं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने सगळं कडू होतं. बदाम, भाजलेलं जवस हे वाढताना वरून घालावं, आधी घातलं तर कुरकुरीतपणा जातो.

खरं तर मराठी जिभेला तिखट-मिठाचे ओट्स जास्त रुचतात, आणि इथेच कृती सर्वांत जास्त चुकतात. ‘एक कप ओट्सला दोन कप पाणी’ हे माप पॉरिजचं आहे; उपम्याला ते वापरलं की खळ तयार होते. उपमा पोह्यांच्या रीतीने करावा. एक कप भाजलेले रोल्ड ओट्स बाजूला ठेवावेत. मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरचीची फोडणी करून कांदा, मटार, गाजर पूर्ण शिजवून घ्यावं, कारण नंतर भाज्यांना शिजायला वेळ मिळत नाही. मग ओट्स घालून अर्धा कप गरम मिठाचं पाणी एकदम न ओतता दोन-तीन हबक्यांत शिंपडावं आणि झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं दणदणीत वाफ काढावी. दाणा बोटाने दाबला जावा, पण फुटू नये. लिंबू गॅस बंद करून पिळावं.

उन्हाळ्यात ताकातले ओट्स करून पाहावेत. आंबील ज्यांना आवडते त्यांना हे नवं वाटणार नाही. ओट्स मीठ-पाण्यात जरा जास्त मऊ शिजवून कोमट होऊ द्यावेत, मग ताक, किसलेलं आलं आणि तुपाची जिऱ्याची फोडणी. गरम असतानाच ताक घातलं तर ते फुटतं. मुगाच्या डाळीबरोबर खिचडी करायची तर डाळ आधी शिजवून घ्यावी, ओट्स शेवटच्या सहा-सात मिनिटांत. दोन्ही एकत्र कुकरला लावले की डाळ शिजेपर्यंत ओट्सची पेज झालेली असते. थालीपिठाला ओट्सचं पीठ भाजणीच्या पाव पटीपेक्षा जास्त नको. त्यात ग्लुटेन नसतं, थापताना कडा तुटतात. पीठ मळून दहा मिनिटं ठेवावं आणि मगच पाणी कमी-जास्त करावं.

तयार मसाला ओट्सचा मोह कळतो, पण पाकिटामागचा सोडियमचा आकडा वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाबासाठी ओट्स खाणाऱ्याने तेच पाकीट घ्यावं, हे मला विचित्र वाटतं.

एवढं सगळं करूनही ओट्स कडवट लागले तर डबा हुंगून पाहावा. या धान्यात गहू-तांदळापेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो, म्हणून कारखान्यातच वाफ आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करतात. तरी उघडं पाकीट पावसाळ्यात दमट ओट्यावर राहिलं की खवट होतं. जुन्या तेलासारखा वास आला तर फेकून द्यावेत. तो कडवटपणा गुळाने झाकला जात नाही. पाकीट लहान आणावं आणि फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावं.

आपली,
एक वाचक, सांगली