पिन एक झाली, पण फोन कुठला?

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : मोबाइलच्या खोक्यावर वॅट आणि फोनच्या पाठीवर खरा मॉडेल नंबर, दोन्ही वाचता येतील असे छापून मिळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या हुबळीची गाडी आमच्या मिरजेवरून जाते, त्या शेजारधर्माच्या हक्कानं लिहितोय. सांगलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे.

आधी चांगलं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही एका शाळेत मुक्कामाला होतो. संध्याकाळी तासभर जनरेटर चालायचा. एकच एक्स्टेंशन बोर्ड, भोवती माणसांचा गराडा, आणि जो तो विचारत होता, "बारीक पिन हाय का कुणाकडं?" कीपॅडवाल्या फोनची गोल पिन, मायक्रो यूएसबी, तेव्हा नवी असलेली टाईप-सी, एका डॉक्टरांचा आयफोन. बोर्डात जागा असायची, पण हवी ती पिन नसायची. तशी वेळ पुन्हा न येवो, पण आलीच तर आता एका केबलीवर बहुतेकांचं भागेल.

याचं श्रेय आपल्या खात्यालाही आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं, म्हणजे बीआयएसनं, आयएस/आयईसी ६२६८०-१-३ हे टाईप-सीचं मानक काढलं. पण खरं बोलायचं तर आमच्या काउंटरवर फरक पडला तो युरोपमुळं. त्यांनी २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला टाईप-सी सक्तीची केली, आणि ती तारीख यायच्या आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ टाईप-सी घेऊन आला.

भोक एक झालं. भोकाच्या आतलं मात्र ज्याचं त्याचं वेगळंच राहिलं. गिऱ्हाईक म्हणतं, "माझा ६७ वॅटचा फोन, भावाचा ८० वॅटचा चार्जर, तरी रात्रभर लागते." कारण दोन कंपन्यांची जलद चार्जिंगची भाषा वेगळी. ती जुळली नाही की चार्जर पाच व्होल्ट, दोन अँपियरवर येतो, म्हणजे १० वॅट. सगळ्यांना चालेल अशी यूएसबी पीडी नावाची भाषा आहे, पण फोनला ती येते की नाही, हे खोक्यावर कुठं शोधायचं? युरोपात फोनबरोबर चिन्ह द्यावं लागतं : आत चार्जर आहे की नाही, फोनला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती वॅट लागतात, पीडी चालतं का. पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. आपल्याकडं खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक, आणि वॅट असलेच तर "अप टू" लावून.

स्वस्तातले टॉर्च, ट्रिमर, इअरबड यांची तर वेगळीच गंमत. भोक टाईप-सी, पण दोन्हीकडं सी असलेली केबल लावली की ढिम्म हलत नाहीत. आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर हवेत, ते बसवलेलेच नसतात. चार्जर समोर कोण आहे ते त्या रेझिस्टरवरून ओळखतो. ते दिसले नाहीत तर तो वीजच सोडत नाही. माणूस मग केबल खराब म्हणून माझ्याकडं येतो आणि दुसरी केबल घेतो. माझा धंदा होतो, तरी तक्रार करतोय.

आता खरं दुखणं. मागच्या वर्षी कवठे महांकाळकडचे एक काका आले. मुलीचा फोन, डिस्प्ले फुटलेला, दोन दिवसांत तिचा कॉलेजचा फॉर्म भरायचा. काकांनी फोनचं नाव बरोबर सांगितलं, आकड्यासकट. पुढं एक इंग्रजी अक्षर होतं, ते राहिलं. खोकं केव्हाच रद्दीत. स्क्रीन काळी, त्यामुळं सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल बघायची सोय नाही. पाठीवरची बारीक छपाई कव्हरनं घासून गेलेली. पूर्वी बॅटरी काढली की खाली स्टिकर असायचं. आता बॅटरी चिकटवलेली. मी पुण्याहून १४०० रुपयांचा डिस्प्ले मागवला. आला तो त्या अक्षराशिवायच्या फोनचा, कनेक्टर भलतीकडं. काका एसटीनं दोन फेऱ्या मारून गेले. पैसे त्यांच्याकडं मागायला तोंड नव्हतं.

त्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही खोड सगळ्यांचीच आहे. जगजाहीर उदाहरण द्यायचं तर २०२१ मध्ये आपल्याकडं रेडमी नोट १० आला, त्याच वर्षी १० एस, १० प्रो, १० प्रो मॅक्स, १० टी, १० लाइट. यातला लाइट म्हणजे आदल्या वर्षीचा नोट ९ प्रो, नवा नंबर लावलेला. आपल्याकडचा प्रो मॅक्स बाहेरच्या देशांत नुसता प्रो म्हणून विकला गेला. १० टी हाच पोको एम३ प्रो या नावानंही मिळत होता. उलट आयफोन एसई या एकाच नावाचे तीन फोन : २०१६, २०२० आणि २०२२. आमच्याकडं बारशाला बाळाचं एक नाव कानात सांगतात. इथं एका बाळाची तीन बारशी होतात आणि तीन बाळांना एक नाव मिळतं.

गंमत म्हणजे खरं नाव सरकारदरबारी आहेच. फोन विकण्याआधी बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत त्याचा मॉडेल नंबर नोंदवावा लागतो. बीआयएस आपल्याच खात्याचं, आणि खोक्यावर किंमत, महिना, वर्ष, उत्पादक देश छापायला लावणारे वैधमापनशास्त्राचे नियमही आपलेच. मग तोच मॉडेल नंबर सिमच्या ट्रेवर किंवा पाठीवर, घासून जाणार नाही असा, चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरात कोरायला लावा. जुनाच फोन नव्या नावानं आणला असेल, तर खोक्यावर जुनं नावही येऊ द्या. आणि किंमत छापतात त्याच्या शेजारी वॅट आणि पीडी. कंपन्यांनी फोनला काय हाक मारायची ती मारू दे, प्रो म्हणा, अल्ट्रा म्हणा, त्यात मला पडायचं नाही.

तो १४०० चा डिस्प्ले अजून ड्रॉवरमध्ये आहे, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. ज्याच्या फोनला ते अक्षर नाही, असं कुणी दुकानात आलं तर आल्या भावात बसवून देईन.

आपला,
सांगलीतला एक मोबाइल दुरुस्तीवाला