सुधीर, ती डबी सध्या बंद ठेव

सातारा
रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

वहिनींनी पाठवलेला फोटो पाहिला. डबीमागचा बारीक मजकूर मोठा करून वाचला. हे फोनवर सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणजे तुला डॉक्टरांना दाखवता येईल. भाच्याने किती काळजीने आणली असेल ते कळतं, तरी तुला सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन त्याचं काम मंदावलं आहे, म्हणून ती मल्टिमिनरलची, म्हणजे खनिजांच्या गोळ्यांची, डबी आजपासून बंद कर.

लोह, तांबं, मँगनीज यांचा ताळेबंद लिव्हरच सांभाळतं. आतड्यातून लोह किती आत घ्यायचं हे ठरवणारं हेप्सिडिन लिव्हरमध्ये तयार होतं. जादा तांबं आणि मँगनीज पित्तावाटे बाहेर जातं. सिरॉसिसमध्ये या दोन्ही कामांत खोट येते आणि धडधाकट माणसाला पचणारी मात्रा अंगात साठत जाते. मँगनीज तर मेंदूत जाऊन बसतं. सिरॉसिसच्या पेशंटच्या एमआरआयमध्ये ते दिसतं.

तांब्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण ती हकिगत आपल्या पुण्याची आहे. पूर्वी आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या आतली बाळं लिव्हर कडक होऊन दगावायची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी याचा छडा लावला. या बाळांच्या लिव्हरमध्ये तांब्याचा साठा सापडत होता. त्यांना लवकर वरचं दूध सुरू झालेलं असायचं आणि ते पितळी भांड्यात तापवून तिथेच ठेवलेलं असायचं. दुधात तांबं उतरायचं. १९८३ साली त्यांनी हे मांडलं, मग घराघरांत भांडी बदलण्याचा सल्ला गेला, आणि तो आजार जवळजवळ नाहीसाच झाला. आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट का बघायच्या, ते मला यावरून नीट उमगलं. तू बाळ नाहीस, लोटाभर पाण्याने तसं होईल असंही मी म्हणत नाही. पण रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी तुझ्या लिव्हरने का सोसावं? स्टीलचा तांब्या वापर.

आता झिंक. ते मात्र तुला कमी पडत असण्याची शक्यता खरोखर आहे. जेवण कमी, त्यात लघवीच्या गोळ्यांनी ते बाहेर जातं. अमोनियाचं युरियात रूपांतर करणाऱ्या यंत्रणेला झिंक लागतं. म्हणून ज्यांना अमोनिया चढून गोंधळल्यासारखं होतं, त्यांना काही डॉक्टर लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाच्या जोडीला झिंक देतात. तोंडाची चव गेली असेल, रात्री पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर तेही सांग. पण २२० मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेटच्या गोळीत खरं झिंक ५० मिलिग्रॅमच असतं, आणि ते महिनोन्‌महिने घेतलं तर तांबं शोषलं जात नाही, रक्त कमी होतं. अंगात तांबं साठत जाणाऱ्या विल्सन आजारात याच गुणाचा औषध म्हणून उपयोग करतात! त्यामुळे मात्रा आणि मुदत डॉक्टरांनीच ठरवावी.

लोहाची गोळी नुसतं हिमोग्लोबिन बघून सुरू करू नकोस. रक्तस्राव झाला असेल तर लोह लागतंच, पण आधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) या दोन्ही तपासण्या कर. लिव्हरला सूज असली की नुसतं फेरिटिन फसवं वाढतं.

आणि सुधीर, सगळ्यांत तातडीचं. वहिनी म्हणाल्या, ‘हल्ली लो सोडियम मीठ आणतो.’ त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. तू स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी घेतोस, ती पोटॅशियम अंगात धरून ठेवते. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते पाकीट आजच काढून टाका, नेहमीचंच मीठ अगदी मोजकं घाला, आणि पोटॅशियम उद्याच तपासून घे.

रिपोर्ट आला की मला पाठव. पुढच्या अपॉइंटमेंटला मी येतो, दुकान मुलगा बघेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन