बाळाचा बाप्तिस्मा आत्ताच नको

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

सासूबाईंनी परवा पुन्हा विचारलं, "बाप्तिस्मा कधी करायचा?" त्यांच्या चर्चच्या मंडळीत तान्ह्या बाळावर पाणी शिंपडतात, तेव्हा विचारणारच. मी म्हटलं, आम्हा बॅप्टिस्टांत तसं नाही, मोठा झाला की स्वतःच मागेल. तोवर बाळाला देवाच्या हाती सोपवणारी समर्पणाची प्रार्थना पुरे.

आई, बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री तू पांढऱ्या झग्यांच्या घेरात खडे शिवायचीस, पाण्यात झगा फुगून वर येऊ नये म्हणून. माझ्या झग्यात जरा जास्तच होते. नदीत उतरताना घोट्यांवर आपटत होते. पाळकांनी एक हात पाठीला लावला, दुसऱ्या हाताने नाकावर रुमाल धरला आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने मला मागे झुकवून पूर्ण बुडवलं. कानात पाणी गेल्यामुळे काठावरचं गाणं मला अर्धंच ऐकू आलं! पण त्याआधी उभं राहून माझ्या विश्वासाची साक्ष दिली होती, ती कुणी पढवलेली नव्हती. मंडळीने हात वर करून मला सभासद करून घेतलं ते त्यानंतर.

मंडळीच्या कारभाराची सभाही तशीच, हात वर करून ठरवणारी. पाळकांनाही एकच मत, आजीलाही एकच. छपराचे पत्रे बदलायच्या ठरावात बाबा हरले, तरी दुसऱ्या दिवशी शिडीवर सगळ्यांत आधी तेच. (आई म्हणाली होती, हरल्यावरच हे कामाला लागतात.)

बाबा, तुमचे केरीसाहेब, म्हणजे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी, मी सासरीही ऐकवले. 1783 साली नेन नदीत बाप्तिस्मा, 1805 साली मराठी व्याकरण, 1811 साली मराठीत नवा करार. पण एक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. 1609 साली ॲम्स्टरडॅमला जॉन स्मिथने पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली, तेव्हा बाप्तिस्मा पाणी ओतूनच दिला होता. बुडवायची रीत इंग्लंडात 1640 च्या सुमारास रुजली. म्हणून पाणी किती, यावरून मी सासूबाईंशी वाद घालत नाही. मागणारा स्वतः हवा, एवढंच धरून बसले आहे. त्यांना ते पटलंय असं नाही, पण परवा त्या 'बरं' म्हणाल्या.

पुढच्या रविवारी उपासनेला दोघेही या. जुनं गीतपुस्तक आणा, इथल्या नव्या पुस्तकात निम्मी गाणी नाहीत. प्रार्थना बाबांनीच करावी असं सासूबाईंचंही म्हणणं आहे. फक्त बाबा, लांबवू नका. अकराला बाळाला दूध लागतं.

तुमची लेक