बाबांना तिथे ठेवायचं ठरवलंय, चिडायच्या आधी हे वाच

बाळा,

काल फोनवर तू "आई, बाबांना वृद्धाश्रमात टाकणार का तू" म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. राग नव्हता रे आला, रडू आवरेना म्हणून ठेवला. आता लिहून राहिली, कारण बोलायला लागलं की माझं निम्मं राहूनच जातं.

तुला एक सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात बाबा बाथरूममध्ये माझ्या हातून सुटले. मी भिंतीला टेकवून कसंबसं त्यांना खाली बसवलं म्हणून लागलं नाही, पण मग उठवताच येईना, लकव्याच्या अटॅकपासून उजवी बाजू लुळी, 74 किलोचा माणूस अन् मी 71 वर्षांची. पाऊण तास आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो, शेवटी दूधवाला आला त्याला खिडकीतून हाक मारली. तेवढा सगळा वेळ बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

बाबांना सांभाळायला ब्युरोचे मामा येतात हे तुला माहीत आहे पण सहा महिन्यांत पाच बदलले हे माहीत नाही, आणि रात्र तर माझीच असते. कमरेच्या खाली लाल चट्टा दिसला तेव्हा डॉक्टर म्हणाले दर दोन तासांनी कूस बदलत जा नाहीतर बेडसोर होईल. मी 12, 2 अन् 4 चा अलार्म लावून उठते. दिवसा मग डोकं चालत नाही, एकदा बीपीची गोळी दोनदा दिली त्यांना. त्या दिवशी मी घाबरले.

शेजारच्या काकूंनी 14567 नंबर दिला, ज्येष्ठांसाठी सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, तिथे विचारलं, ओळखीतल्यांनाही विचारलं, अन् एकेक जागा जाऊन पाहिली. पहिली मोठी होती, दुपारी गेले तर हॉल चकाचक, सगळे नीट बोलले. पण मी दुसऱ्या दिवशी न सांगता संध्याकाळी सातला गेले, जेवणाच्या वेळेला. एका आजोबांना झोपल्या झोपल्या भात भरवून राहिले होते. बाबांना ठसका लागतो, असं आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनळीत जातो अन् न्यूमोनिया होतो, हे आपल्याला फिजिओवाल्यानेच सांगितलं होतं ना. मी तिथूनच परत फिरले.

आता जी ठरवली ती मनीष नगरकडे एका गल्लीत आहे. साधा बंगला, तळमजला, नऊ माणसं राहतात बस, हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या सिस्टर चालवतात. मी तीन वेळा गेले, तीनही वेळा वेगवेगळ्या टायमाला. प्रत्येकाला उशा लावून सरळ बसवून भरवतात. कूस बदलल्याची वही आहे, पहाटे तीनची सुद्धा सही होती. रात्री दोन माणसं जागी असतात, हे मी पाचदा विचारलं असेन. बेडसोर होऊ नये म्हणून हवेची गादी असते ना, त्या एअर मॅट्रेसचा पंप लाईट गेली की बंद पडतो अन् गादी बसते, मे महिन्यात आपल्याकडे लाईट कशी जाते तुला माहीतच आहे, तर त्यांनी पंप इन्व्हर्टरवर घेतलाय. तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं अन् आधी कोणाला फोन करायचा हे फॉर्मवरच लिहून घेतात. अन् खोलीत घाण वास नव्हता, बाळा. कुठेच नव्हता.

पैसे महिना 26 हजार, डायपर अन् औषधं वेगळी. ब्युरोचे दोन शिफ्ट ठेवले तर याहून जास्त जातात. मला वाटलं होतं 70 च्या वरच्यांना 5 लाखांचं आयुष्मान कार्ड निघतं त्यात काही होईल, पण ते हॉस्पिटलात भरती व्हायला आहे, अशा रोजच्या सांभाळायला नाही. बाबांच्या पेन्शनमधून होतं, तू पैशांचं मनावर घेऊ नको.

तू म्हणशील बाबांना विचारलं का. विचारलं. अर्धे शब्द तोंडातच राहतात त्यांचे पण एवढं नीट बोलले, "तू येशील ना रोज." हो म्हटलं. काँग्रेस नगरहून मेट्रोत बसले की उज्ज्वल नगरला उतरायचं, तिथून ऑटो. डब्यात पातळ भाजी अन् भात मऊ कुस्करून नेईन, सिस्टर हो म्हणाल्या, येण्या-जाण्याला वेळेचं बंधन नाही. त्यांना उचलायचं, धुवायचं ते लोक करतील, मी त्यांच्याजवळ बसून पेपर वाचून दाखवीन. दोन वर्षांत मी एकदाही त्यांच्याजवळ नुसती बसलेली नाही रे, सारखी काही ना काही करूनच राहिली.

लोक काय म्हणतील ते म्हणू दे. तुझी मावशी बोललीच. रात्री दोनला उठायला त्यातलं कोणी येत नाही.

आधी एक महिना ठेवून बघायचं ठरलंय. घरातला पलंग हलवणार नाही, बाबांना ते मी हात धरून सांगितलं. सोमवारी न्यायचं आहे, तू रविवारी रात्रीपर्यंत ये. गाडीतून उतरवताना त्यांच्या डाव्या बाजूला तू पाहिजे, तुझा खांदा त्यांना ओळखीचा आहे. अन् तुझ्याकडे तो छोटा रेडिओ असेल ना त्यांचा, सेल टाकून घेऊन ये.

तुझी आई