किल्ल्या देण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

समुद्राकाठच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय. पुढच्या दाराला आता पितळी कुलूप आहे. आधीचं लोखंडी कुलूप एका पावसाळ्यात आतून इतकं गंजलं की किल्ली फिरेना, आणि बाबांना शेवटी कडीच कापावी लागली. जुडगा तुझ्या हातात ठेवण्याआधी थोडं सविस्तर लिहायचंय. परवा तू फोनवर विचारलंस, "आई, सुट्टीत जाऊन राहायचं आणि एरवी बंद ठेवायचं, एवढं जमेल ना?" मी हो म्हणून गेले. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, कारण ते उत्तर घाईत दिलेलं होतं.

त्या घराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो बंद राहण्याचा. वादळात आपली कौलं दोनदा उडाली, दोन्ही वेळा आठवड्याभरात पुन्हा बसली. भिंतींना लोणा लागला, चौकटी सडल्या, गादीला बुरशी आली, ते सगळं घरात कुणी नसताना, चांगल्या शांत हवेत झालं.

तिथे मीठ वाऱ्यावरून येतं. लाट फुटली की बारीक तुषार हवेत चढतात, त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेलं मीठ गजांवर, बिजागऱ्यांवर, पंख्याच्या पात्यांवर येऊन बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाचा थेंबही नसताना सकाळी खिडकीचा गज बोटाला ओलसर, चिकट लागतो तो यामुळे. समुद्राकडच्या खिडकीपाशी उभी राहून नीट बघ. गजांचा खालचा भाग, जिथवर पावसाची झड पोचते, तो बरा दिसेल. वर, छपराच्या आडोशाला, जिथे पाऊस कधीच लागत नाही, तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेले असतील. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचत राहतं. हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. तोवर मी जे भिजतं तेवढंच रंगवत होते.

म्हणून दर खेपेला पहिलं काम एकच, बादलीभर गोडं पाणी आणि फडकं. गज, कड्या, बिजागऱ्या, दाराच्या वरची पट्टी, जे जे आडोशाला आहे ते पुसून काढायचं, वाळलं की तेलाचा हात फिरवायचा. रंगाच्या डब्यापेक्षा या बादलीने ते घर जास्त टिकलंय, हे मी अगदी विश्वासाने सांगते.

नवीन बिजागरी किंवा स्क्रू घेताना नुसतं 'स्टेनलेस' ऐकून घेऊ नकोस. नेहमी मिळतं ते ३०४ प्रतीचं, त्यावर खाऱ्या हवेत थोड्याच दिवसांत तपकिरी डाग येतात. ३१६ माग. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे ते बरंच तग धरतं. पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा असंही करू नकोस. खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक दुसऱ्याला खातो.

आता भिंतीबद्दल. ही माझी चूक आहे आणि ती तुला माहीत असायलाच हवी.

ते घर चुन्यात बांधलेलं आहे. समुद्राकडच्या भिंतीचे पोपडे पडायला लागले तेव्हा कामाला आलेल्या माणसाने सांगितलं, "जुना गिलावा काढून सिमेंटचा करा, वर प्लॅस्टिक पेंट मारा, पुढे बघायला नको." मला ते पटलं. पहिली दोन वर्षं भिंत देखणी दिसली. मग जमिनीपासून हात-दीड हातावर फुगवटे आले. एका फुगवट्यावर मी बोटाच्या पेराने ठोकलं तर पोकळ आवाज आला. टोकरून बघितलं तर सिमेंटची आख्खी खपली हातात आली आणि तिच्या पाठीमागे पांढऱ्या मिठाची मऊ, कापसासारखी साय. मागची जुनी वीट पिठासारखी झाली होती, नुसत्या बोटाने उकरता येत होती. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते तशी बाहेरही पडते, आणि मीठ पृष्ठभागावर येऊन झटकता येतं. सिमेंटने आणि रंगाच्या कातड्याने मी ती वाट बुजवली. ओल आत अडकली, मिठाचे खडे गिलाव्याच्या मागे वाढत गेले आणि त्यांनी विटेचाच भुगा केला. तो सगळा गिलावा काढून भिंत वर्षभर उघडी वाळत ठेवावी लागली. ते वर्षभर मी तिथे गेले की त्या भिंतीकडे बघवत नसे.

आता तिथे पुन्हा चुन्याचा गिलावा आहे आणि वर चुन्याची सफेदी. सफेदी पातळ कर, भिंत आधी पाण्याने शिंपून घे आणि कडक उन्हात हात मारू नकोस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, घाईने वाळला की नुसती पूड राहते. दर दोन-तीन वर्षांनी हे करावं लागेल आणि कुणीतरी तुला टिकाऊ रंगाचा आग्रह करेल. ऐकू नकोस. मागच्या बाजूचा सज्जा तेवढा सिमेंटचा आहे. त्याच्या खालच्या अंगाला केसासारखी चीर दिसली तर लगेच माणूस बोलाव. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. चीर दिसते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

लाकडाचं गणित सोपं आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर ते सहसा सडत नाही. पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते कापलेल्या टोकांतून, म्हणजे वाशांच्या तोंडांतून आणि दाराच्या तळातून. दाराचा तळ कुणी रंगवत नाही, कारण तो दिसत नाही. दार उतरवून तो रंगव. पन्हळी आणि कौलं पावसाळ्याआधी बघायची, हे तू लहानपणापासून पाहिलंयस, ते काही लिहीत नाही.

विहिरीचं मात्र सांगते. तिचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतंय. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे चाळिसाव्या हिश्शाने जड, म्हणून गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर जितकी असेल त्याच्या साधारण ४० पट खोलवर गोडं पाणी असतं. घायबेन आणि हर्त्झबर्ग या दोघांनी हे स्वतंत्रपणे मांडलं, शंभरावर वर्षं झाली. याचा दुसरा अर्थ असा की वरची पातळी हातभर उतरली तर खालचं खारं पाणी चाळीस हात वर सरकू पाहतं. पाहुणे भरपूर आले म्हणून पंप तासन् तास चालू ठेवू नकोस. थोडं थोडं उपस, मध्ये विहिरीला दम घेऊ दे. एकदा खारी झालेली विहीर परत गोडी व्हायला फार काळ लागतो.

घर बंद करताना कपाटांची दारं उघडी टाक, गाद्या भिंतीपासून लांब उभ्या कर, फ्रिज पुसून त्याचं दार किंचित उघडं ठेव. मोरीच्या आणि बेसिनच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोड. जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात येतात, तेलाने ते सावकाश आटतं. परत गेल्यावर आधी खिडक्या उघड, मग सगळे नळ चांगले पाच-दहा मिनिटं सोडून ठेव. साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते छातीत जातात. मुलांना घाईने आंघोळीला बसवू नकोस.

घरापुढच्या वाळूवर ती जांभळ्या फुलांची वेल पसरलीये, तिला मर्यादवेल म्हणतात. लाटांची मर्यादा राखते म्हणून हे नाव पडलं असावं, असं मला नेहमी वाटतं. ती काढून 'स्वच्छ' करू देऊ नकोस. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलीये. त्या जागी भक्कम भिंत घातली तर लाट तिच्यावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळूच ओढून नेते.

आणि हेही लपवून ठेवणार नाही. उपग्रहांनी १९९३ पासून समुद्राची पातळी मोजायला घेतली, तेव्हापासून जगभरात ती सरासरीने सुमारे १० सेंटिमीटर वाढलीये. दहा सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतात. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वारा जमिनीकडे असला तर पाणी वेलीच्या मुळांशी येतं, आणि तिथे एवढ्यानेही फरक पडतो. ते घर तुझ्या नातवंडांना मिळेल असं मी तुला सांगू शकत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. वर्षातून चार वेळा, सुट्टी नसताना, दोन दिवस फक्त घरासाठी जाणं तुला जमणार असेल तर घर तुझं. पावसाळ्याआधी, पावसाळ्यात एकदा, पाऊस संपल्यावर आणि थंडीत. त्या खेपांना समुद्रावर जायला वेळ मिळेलच असं नाही. हे जमत नसेल तर तेही मोकळेपणाने सांग. घर धड आहे तोवर दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवू. बाबांशी बोलून झालंय, आम्हा दोघांनाही वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरलंय. वाटेल, पण घर कुलपात कुजताना बघण्यापेक्षा ते सोसेल.

जुडगा घ्यायला येशील तेव्हा मुक्कामालाच ये, आपण दोघी मिळून जाऊन येऊ. समुद्राकडच्या खिडकीची उजवीकडची खालची बिजागरी झिजलीये, झडप उचलून लावावी लागते. ३१६ ची चार इंची बिजागरी आणि तिचे स्क्रू येताना घेऊन ये. स्क्रूड्रायव्हर तिथे आहे, मागच्या खोलीतल्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

तुझी,
आई